सेंपोर्ना: सूर्यास्त बघायचाय? धक्क्यावरून बघा

साताऱ्यातल्या एजंटनं दिलेल्या कागदावर चौथ्या दिवसापुढं लिहिलं होतं, "समुद्रात सूर्यास्त, चांदण्यात बोटीतून परत." हा गडी सेंपोर्नाला कधी गेलेला नाही, हे तिथं उतरल्यावर कळलं. मलेशियाच्या साबा राज्यात पूर्व किनाऱ्यावर जुलै २०१४ पासून रात्रीची समुद्रबंदी आहे. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंत परवान्याशिवाय बोट हलवायची नाही. एकेक पंधरवड्याची मुदत वाढवत वाढवत ती इतकी वर्षं टिकवलीय. आम्ही फेब्रुवारीत गेलो तेव्हा सूर्य मावळत होता सव्वासहाच्या सुमारास. आता करा हिशेब.

जाणं सोपं आहे. मुंबई, क्वालालंपूर, तवाव, तिथून गाडीनं दीड तास. व्हिसा लागला नाही, फक्त डिजिटल अरायव्हल कार्ड आधी भरा. साबात उतरताना पासपोर्टवर वेगळा शिक्का मारतात, दचकू नका. पहिले दोन दिवस मासे, कासवं, निळं पाणी. छान होतं. फोटो सगळ्यांचे सारखेच येतात.

तिसऱ्या दिवशी बोहे डुलांगचा डोंगर. अजिंक्यतारा चढणाऱ्याला दम लागायचं कारण नाही, पण वाट चिखलाची, मुळांची आहे आणि वर दोर धरून चढावं लागतं. सँडल घालून येणाऱ्यांनी खालीच बसावं. आमच्यातल्या एकानं ऐकलं नाही, त्याला उतरवण्यात सव्वा तास गेला आणि तिथूनच सगळं बिघडलं.

परतीला चारला निघायचं ते पाच वाजले. दहा मिनिटांत दोनपैकी एक इंजिन बंद. बोटवाला पोरगा हसत होता, पण घड्याळाकडं बघून हसत होता. पाच पंचवीसला दुसरं इंजिनही खोकायला लागलं. त्यानं पेट्रोलच्या कॅनमधली नळी काढली, तोंडानं ओढली, थुंकला, परत लावली. लाटेवर बोट आडवी झालेली, आम्ही अकरा जण गप्प.

तेवढ्यात करड्या रंगाची गस्तीची बोट आली. बंदूक खाली, पण हात त्यावरच. प्रवाशांची यादी मागितली. यादीत नऊ नावं! दोघांना ऐनवेळी बसवलं होतं ना. मग पासपोर्ट. मी आणि आबांनी मूळ पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत आणला होता, बाकीच्यांचे हॉटेलात, मोबाइलवर फोटो. वीस मिनिटं चौकशी चालली. शेवटी दोर बांधून त्यांनीच धक्क्यापर्यंत ओढत आणलं. सहाला चार मिनिटं कमी होती. आबांनी त्यांना कंदी पेढे देऊ केले, त्यांनी हात जोडून नको म्हटलं.

आबा अपशिंग्याचे, निवृत्त सुभेदार. रात्री चहा पिताना म्हणाले, "अरे, त्यांचं बरोबर आहे. पाणी मोकळं ठेवलं तर कोण कुठला हे कळणार कसं? अंधारात हलेल ती बोट संशयित, एवढं सोपं करून ठेवलंय."

ही बंदी का, तर फिलिपिन्सची तावी-तावी बेटं तिथून समोरच. २३ एप्रिल २००० ला तिकडच्या अबू सय्याफ या अतिरेकी टोळीनं साबातल्या सिपादान बेटावरून २१ जणांना उचलून फिलिपिन्सच्या होलो बेटावर नेलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये फिलिपिन्समधल्या सुलूच्या जुन्या सुलतानी गादीवर हक्क सांगणाऱ्याची हत्यारबंद माणसं साबाच्या याच किनाऱ्यावर लाहाद दातूला उतरली. त्यानंतर एसकॉम ही खास सुरक्षा यंत्रणा उभी राहिली. तरी त्याच नोव्हेंबरात पोम पोम बेटावर तैवानच्या एका पर्यटकाला मारून त्याच्या बायकोला पळवलं. २०१७ पासून मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स मिळून गस्त घालतात, पण जानेवारी २०२० मध्ये लाहाद दातूजवळ इंडोनेशियाचे मच्छीमार नेलेच. पर्यटकाला सहाला परतायचं एवढाच त्रास. रात्री मासे धरणाऱ्या, समुद्रावरच राहणाऱ्या, कागदपत्रं नसलेल्या बजाऊ लोकांचं काय होत असेल! जून २०२४ मध्ये तर सुरक्षेचं कारण देऊन त्यांची समुद्रातली घरंच पाडली, जाळली.

आता पैशाचं. बोटवाल्या कंपनीनं माणशी पन्नास रिंगिट 'सिक्युरिटी फी' घेतली. धक्क्यावरच्या दुसऱ्या दोन काउंटरवर विचारलं, अशी फी त्यांच्याकडं नाही. शुद्ध लूट. पावतीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. लाइफ जॅकेटचं भाडं वेगळं मागितलं तर उठून दुसरीकडं जा.

मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, पाणी लागणार नाही असा. यादीत आपलं नाव आहे का ते बसायच्या आधी बघा, अक्षरं तपासा. दोन इंजिनांची बोट घ्या आणि दोन्ही चालू करून दाखवायला लावा. बेटावरून साडेतीनला निघा, बोटवाला काहीही म्हणो. विमा काढताना हा किनारा वगळलाय का विचारा. ब्रिटिश सरकार आपल्या लोकांना अगदी गरज असल्याशिवाय या बेटांवर जाऊ नका सांगत आलंय, अशा सूचनांमुळं काही पॉलिसी इथं चालत नाहीत. आमची चालत नव्हती. ते आम्हाला साताऱ्यात परत आल्यावर कळलं.

एजंट म्हणतो, चांदण्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेलेच नव्हते.