घोड्याला शेपूट नसलेले रिव्हॉल्व्हर

अचलपूर तालुक्यातील आमच्या गावी, जुन्या वाड्याच्या ओसरीवर, काकांनी एका पांढऱ्या धडप्यात गुंडाळलेले रिव्हॉल्व्हर माझ्यासमोर ठेवले, तेव्हा त्यांनी पहिली तक्रार केली ती घोड्याबद्दल, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणाऱ्या भागाबद्दल; तो अंगठ्याने मागे ओढण्यासाठी जे टोक असते, त्याला शेपूट म्हणतात. "गुरुजी, याचा घोडा तुटला हाये. मागचं शेपूट गेलं. परतवाड्याच्या कारागिराकडून नवं लावून घेतो म्हन्तो, आन् संगंच याले घासून चकचकीत करून आनतो." हे शस्त्र त्यांच्या वडिलांकडून परवान्यासह त्यांच्याकडे आले होते. घरात त्याला सगळे "पहिल्या महायुद्धातली वेब्ली", म्हणजे वेब्ली या इंग्रज कंपनीचे रिव्हॉल्व्हर, म्हणत आणि परवान्यावरही वेब्ली असेच लिहिले होते. मी त्यांना चार दिवस थांबण्याची विनंती केली. ते थांबले, याचे समाधान मला आजही वाटते.

परवानाधारक या नात्याने काकांनीच प्रथम ते उघडून रिकामे असल्याची खात्री करून घेतली. घोड्याशेजारची कळ अंगठ्याने दाबताच बिजागरीवर नळी खाली झुकली, चकरीतील सहाही घरे उजेडात आली आणि मधली चांदणी वर उचलली गेली. बार उडाल्यावर हीच चांदणी सहाही रिकामी काडतुसे एकदम बाहेर लोटते. इतक्या पाहणीवरून कोणीही वेब्ली म्हणेल, कारण वेब्लीची आणि या रिव्हॉल्व्हरची ठेवण जवळजवळ सारखी आहे. खरे उत्तर सांगाड्याच्या उजव्या बाजूला, घोड्याच्या खालच्या भागात होते. तिथला तेलकट मळ मऊ सुती कापडाने हलकेच टिपल्यावर, बॅटरीचा उजेड तिरपा धरून मी अक्षरे लावली. सर्वांत वर अल्बियन, त्याखाली नंबर दोन, त्याखाली मार्क एक (म्हणजे नमुन्याची पहिली आवृत्ती) आणि पुढे चांदणीची एक छोटी खूण, आणि शेवटी १९४२.

म्हणजे ते वेब्ली नव्हते आणि पहिल्या महायुद्धातलेही नव्हते. ते इंग्लंडमधील एनफील्डच्या सरकारी कारखान्याच्या नमुन्याचे, .३८ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इंचांत) रिव्हॉल्व्हर होते आणि ग्लासगोच्या अल्बियन मोटर्स या कारखान्यात तयार झाले होते. हा कारखाना मूळचा मोटारी आणि ट्रक बनवणारा. युद्धात एनफील्डच्या सरकारी कारखान्यावर कामाचा भार वाढल्यामुळे रिव्हॉल्व्हरचे काम त्याच्याकडे आले. घोड्याचे शेपूटही तुटलेले नव्हते, कारण ते मुळात कधी बसवलेलेच नव्हते. १९३८ पासूनच्या या सुधारित नमुन्यात शेपूट मुद्दाम काढून टाकले होते. रणगाड्याच्या अरुंद पोटात चढता-उतरताना ते कशात तरी अडकत असे, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. त्यामुळे या रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने मागे ओढता येत नाही, दर वेळी चाप पूर्ण ओढावा लागतो. मार्क एकच्या पुढची ती चांदणी हेच सांगते. कारागिराने तिथे शेपूट जोडले असते, तर ऐंशी वर्षे मूळ रूपात टिकलेली वस्तू अर्ध्या तासात बिघडली असती.

मोठ्या .४५५ बोअरवरून इंग्रजांचे लष्कर .३८ वर का आले, हेही ओळख पटवताना ठाऊक असलेले बरे. पहिल्या महायुद्धातली खरी वेब्ली म्हणजे १९१५ मध्ये स्वीकारलेली मार्क सहा. तिची नळी सहा इंचांची, मूठ चौकोनी आणि वजन एक किलोहून थोडे अधिक. तिचा झटका मोठा, म्हणून तिच्यावर हात बसवायला सराव फार लागे. अल्पकाळ शिकलेल्या सैनिकालाही पेलेल असे हलके हत्यार हवे होते, म्हणून .३८ बोअरची, पण २०० ग्रेन (सुमारे १३ ग्रॅम) वजनाच्या जड शिशाच्या गोळीची निवड झाली आणि १९३२ मध्ये एनफील्डचा नमुना स्वीकारला गेला. पुढे उघड्या शिशाची गोळी युद्धाचे नियम घालणाऱ्या हेग कराराच्या विरोधात ठरेल या शंकेने १७८ ग्रेनची, धातूचे आवरण असलेली गोळी आली. वेब्ली कंपनीने आपला आराखडा वापरल्याबद्दल सरकारकडे दाद मागितली आणि तिला अखेर १,२५० पौंड मिळाले. या दोन रिव्हॉल्व्हरांच्या सारखेपणामुळे आपल्याकडील घराघरांतच नव्हे, तर कागदोपत्रीही घोटाळा होतो, तो असा मुळापासून आहे.

वेब्लीनेही युद्धकाळात .३८ बोअरची आपली मार्क चार पुरवली. तिच्या सांगाड्यावर वेब्लीचे नाव असते, आणि घाईच्या दिवसांतल्या खडबडीत नगांवर "वॉर फिनिश" असा स्पष्ट ठसा असतो. कंपनीने ओबडधोबड कामाची ही कबुली स्वतःच्या हाताने धातूवर कोरून ठेवली, हे मला फार प्रामाणिक वाटते. तिसरा नमुना अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसनचा, व्हिक्टरी नावाचा. त्याची नळी झुकत नाही, चकरीच डाव्या बाजूला बाहेर येते. रंग राखाडी आणि निस्तेज, मूठ गुळगुळीत अक्रोडाची, दस्त्याच्या तळाशी कडी, आणि क्रमांकाच्या आधी इंग्रजी व्ही हे अक्षर. १९४५ च्या सुरुवातीपासून, घोड्याला नवी सुरक्षा-अडसर बसवल्यावर, त्या व्हीच्या आधी एस हे अक्षरही आले. इतके ध्यानात असले की हे तीन नमुने एकमेकांत मिसळत नाहीत.

नमुना कळल्यावर क्रमांक जुळवावेत. सांगाडा, नळी आणि चकरी या तिन्हींवर एकच क्रमांक असेल, तर वस्तू मूळची आहे असे मानायला आधार मिळतो. काकांच्या रिव्हॉल्व्हरवर तिन्ही जुळले. लष्करी मालमत्तेची खूण म्हणजे रुंद बाण. त्या बाणाखाली इंग्रजी आय हे अक्षर असेल, तर ती हिंदुस्थान सरकारची खूण समजावी. या खुणा केसाइतक्या उथळ असतात, आणि म्हणूनच घासकामाच्या चाकाची मला धास्ती वाटते. दर्यापूरकडच्या एका घरी मी एक वेब्ली पाहिली आहे. ती लग्नसराईच्या आधी हौसेने निकेल चढवून आणली होती. ती चांदीच्या भांड्यासारखी चमकत होती आणि तिच्यावर वर्ष, क्रमांक, बाण यांपैकी काहीही वाचता येत नव्हते. क्रमांक पुसला गेल्यामुळे त्या घरातल्या माणसांना परवान्याच्या नूतनीकरणासाठी किती हेलपाटे पडले, ते मी जवळून पाहिले आहे. क्रमांक मिटवणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्या कारागिराने त्यांना सांगितले नव्हते.

१९४२ हे वर्ष वाचताच काकांच्या मुलाने विचारले, "हे चिमूर-आष्टीच्या वेळचं हाये का?" आपल्या भागात हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे, कारण त्या वर्षीच्या १६ ऑगस्टला 'चले जाव' चळवळीत आष्टी आणि चिमूर येथे जे घडले, ते इथल्या माणसाला शाळेच्या पुस्तकाआधी घरात कळते. परंतु ठसा ग्लासगोत तयार झाल्याचे वर्ष सांगतो, इथे पोहोचल्याचे नव्हे. ते कोणाच्या कमरेला होते, हे सांगणारी एकही खूण त्याच्यावर नाही. म्हणून मी त्याला नाही म्हटले आणि वहीतही तसेच लिहिले. हुतात्म्यांची आठवण अशा जोडलेल्या कथेवर उभी करू नये, असे मला मनापासून वाटते.

संग्रह म्हणाल, तर माझ्याकडे एकही शस्त्र नाही. लष्करी बोअरच्या शस्त्रांवर आपल्याकडे कडक निर्बंध आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात. माझा संग्रह म्हणजे दोनशे पानी वही, ठशांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलने काढलेल्या प्रतिमा, छायाचित्रे, आणि रिव्हॉल्व्हर ठेवायची कॅनव्हासची एक पिशवी, म्हणजे होल्स्टर. तिच्या झाकणाच्या आत बनवणाऱ्याचे नाव, वर्ष आणि बाण अजून वाचता येतात. ती मी कधीच धुतली नाही.

काकांनी परवान्यातील नोंद दुरुस्त करण्यासाठी अर्ज केला आणि सोबत माझ्या वहीतल्या पानाची प्रत जोडली. पुढे निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करायला आम्ही ठाण्यात गेलो, तेव्हा ठाणेदारांनी परवाना पाहून विचारले, "यावर तर वेब्ली लिहिलंय?" काकांनी धडपा उलगडला, रिव्हॉल्व्हर खिडकीच्या उजेडात तिरपे धरले आणि घोड्याच्या खालच्या त्या चार ओळी त्यांना वाचून दाखवल्या. पावतीवर अल्बियन, एनफील्ड नमुना, असे लिहून मिळाले.