तुम्ही विचारलंत म्हणून: माझा पावसाचा नकाशा हवामान खात्याशी का जुळत नाही?

पायथनच्या कार्टोपाय या नकाशांच्या लायब्ररीने पावसाचे नकाशे काढणारे बरेच जण मला विचारतात: ईआरए-५ च्या (युरोपीय हवामान केंद्राने निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून केलेल्या जुन्या हवामानाच्या) विदेतून २६ जुलै २००५ चा पाऊस काढला, तर मुंबईवर हवामान खात्याच्या आकड्याच्या आसपासही काही दिसत नाही. कार्टोपायचं काही चुकतंय का?

बहुतेक वेळा घोळ नकाशा काढण्याआधीच झालेला असतो. ईआरए-५ चा पाऊस मीटरमध्ये असतो, तेव्हा आधी १००० ने गुणा. खरी मेख वेळेत आहे. हवामान खात्याच्या सांताक्रूझ वेधशाळेचे ९४४ मिलिमीटर २६ च्या सकाळी साडेआठपासून २७ च्या साडेआठपर्यंतचे. साडेआठ म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ०३, आणि ईआरए-५ च्या वेळा यूटीसीतच असतात. ईआरए-५ ची प्रत्येक नोंद आधीच्या तासाभराची असते, म्हणून २६ च्या ०४ पासून २७ च्या ०३ पर्यंतच्या २४ नोंदींची बेरीज करायची. एक्सअ‍ॅरे या पायथनच्याच विदा हाताळणाऱ्या लायब्ररीमध्ये तारखेनुसार सरसकट रिसॅम्पल (म्हणजे दिवसागणिक बेरीज) केलंत, तर हाती येतो पहाटे साडेचार ते साडेचारचा पाऊस. त्याची खात्याच्या आकड्याशी तुलनाच नको.

ईआरए-५ मध्ये अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतात. म्हणून हवा तेवढा भाग कापून घेणारा स्लाइस २५ ते १० असा द्या. १० ते २५ दिलात तर एरर न येता रिकामा तुकडा मिळतो, आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

लॅम्बर्ट प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची एक पद्धत) घेतलंत तर चौकटी रंगवणाऱ्या पीकलरमेश फंक्शनला ट्रान्सफॉर्म म्हणून प्लेटकारे द्यायलाच हवं, म्हणजे विदा अक्षांश-रेखांशांत आहे हे त्याला कळतं. नाहीतर अंशांचे मीटर समजले जातात आणि अख्खा पाऊस एका ठिपक्यात गोळा होतो. रंगांसाठी बाउंडरीनॉर्म (ठरावीक आकड्यांवर रंग बदलणारी सोय) वापरा आणि खात्याच्याच २४ तासांच्या पावसाच्या पायऱ्या घ्या: २.५, १५.६, ६४.५, ११५.६, २०४.५ मिलिमीटर. सलग रंगपट्टीत ‘जोरदार’ कुठे संपतो नि ‘अतिजोरदार’ कुठे सुरू होतो, ते कळत नाही. नकाशा छापायचा असेल तर कार्टोपाय वापरतं त्या नॅचरल अर्थ या मोफत नकाशा-संचातल्या सीमा काढून टाका आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या घ्या.

एवढं करूनही ९४४ दिसणार नाहीत. ईआरए-५ ची पाव अंशाची चौकट मुंबईपाशी साधारण २८ बाय २६ किलोमीटरची, आणि तिच्यात सगळ्याची सरासरी. त्याच २४ तासांत वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता! म्हणून सांताक्रूझ आणि कुलाबा या दोन्ही वेधशाळांचे ठिपके स्कॅटर फंक्शनने नकाशावर टाका, रंगांचा नॉर्म मात्र तोच ठेवा.