मे महिन्यातलं जैसलमेर: नागपूरच्या उन्हाची सवय असूनही

मुलाची सुट्टी आणि माझी रजा यांचा मेळ मे महिन्यातच बसत होता, म्हणून नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या तोंडावर आम्ही जैसलमेरला गेलो. मी, आई आणि सातवीतला मुलगा. आम्ही नागपूरचे, त्यामुळे ४५ अंश, वाळ्याचा कूलर, डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा हे सगळं अंगवळणी पडलेलं. तरीही तिथे आमचं चुकलं आणि ते आईला भोगावं लागलं. मे महिन्यात तिकडे जाणाऱ्यांसाठी म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जोधपूरहून आम्ही दिवसाची गाडी घेतली. तुम्ही रात्रीची घ्या. वाटेत फलोदी लागतं. १९ मे २०१६ रोजी तिथे ५१ अंश सेल्सिअस नोंदवलं गेलं, तो आपल्या देशातला उच्चांक आहे. खिडकीच्या दांडीला मुलाने हात लावला आणि चटकन मागे घेतला. हे आकडे सावलीतले असतात, हे विसरू नका. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. आपण उघड्या दगडावर उभे राहतो तेव्हा वरून ऊन आणि खालून धग, दोन्ही सोसत असतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. जैसलमेर नागपूरच्या बरंच पश्चिमेला आहे, पण घड्याळ तेच. तिथे मे अखेरीस सूर्य साडेसातनंतर मावळतो, आपल्याकडे पावणेसातच्या सुमारास. त्यामुळे "चार वाजले, आता उतरेल ऊन" हा आपला हिशोब तिथे लागू पडत नाही. चार-पाचला तर दिवस सर्वांत जास्त तापलेला असतो. साडेसहाच्या आधी बाहेर पडूच नका. सकाळी मात्र सहाला उजाडलेलं असतं, तेव्हापासून नऊपर्यंतचा वेळ तुमचा.

आमची चूक इथेच झाली. ज्यांच्याकडून गाडी ठरवली त्यांनी नऊला नाश्ता आणि साडेदहाला कुलधरा असा कार्यक्रम आखून दिला आणि मी तो मान्य केला. कुलधरा म्हणजे पालीवाल ब्राह्मणांचं एकोणिसाव्या शतकात ओस पडलेलं गाव. नुसत्या दगडी भिंती, बहुतेक घरांना छप्पर नाही, सावली जवळजवळ नाहीच. वीस मिनिटांत आई बोलायची थांबली. मी तिच्या पाठीला हात लावला तर ब्लाउज कोरडा. मला वाटलं, घाम नाही म्हणजे ठीक आहे. जवळून पाहिलं तेव्हा पदराच्या काठाशी, मानेवर मिठाची पांढरी रेघ उमटलेली दिसली. घाम येत होता, पण त्या कोरड्या वाऱ्यात अंगावरच सुकत होता. मुंबईच्या माणसाला घामाच्या धारा सावध करतात, इथे तसं काही होत नाही. आपल्याला कळण्याआधीच अंगातलं पाणी उडून गेलेलं असतं.

ड्रायव्हरने तिला गाडीत आडवं केलं, ओला पंचा मानेवर आणि काखेत ठेवला, मी घोट घोट ओआरएस पाजलं. तासाभरात ती सावरली. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजतंय, शुद्ध हरपतेय असं दिसलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, अंग ओलं करत करत थेट दवाखाना गाठा. १०८ लक्षात ठेवा. आईला रक्तदाबासाठी लघवी जास्त होणारी गोळी आहे. निघण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरच्या मालकांनी मला एवढंच सांगितलं, "बाईसा, प्यास लगने का इंतज़ार मत करना।" पुढचे तीन दिवस दर अर्ध्या तासाने मी दोघांच्या हातात पाणी देत होते.

किल्ला पहाटेच पाहा. ११५६ साली रावल जैसल यांनी वसवलेला हा किल्ला आजही राहता आहे, लोक आत भांडी घासतात, मुलं शाळेत जातात. जैन मंदिरांत अनवाणी जावं लागतं आणि दहानंतर फरशीवर पाय ठेववत नाही. पटव्यांच्या हवेल्या मात्र ऊन चढल्यावरही बघता येतात. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घराची सावली अंगावर पडते, आणि दगडी जाळीशी हात धरला की बारीक झुळूक कळते. सम इथल्या वाळूच्या टेकड्या सूर्यास्तालाच. उन्हाळ्यात बरेच तंबू बंद असतात, आधी फोन करून घ्या.

खोली खालच्या मजल्यावरची मागा. वरचं दगडी छत मध्यरात्रीपर्यंत धग सोडतं. अंघोळीच्या पाण्याची बादली रात्रीच भरून ठेवा, दुपारी नळाला गच्चीवरच्या टाकीतलं कढत पाणी येतं. एके संध्याकाळी आंधी आली. पश्चिमेचं आकाश पिवळं, मग तपकिरी झालं आणि मालकांनी धावत येऊन खिडक्या लावल्या. तरी दातांखाली वाळू करकरलीच.

जेवणात आईला सगळ्यात आवडली ती राबडी. आपली दुधाची रबडी नव्हे, तर बाजरीचं पीठ ताकात शिजवून गार केलेली. पहिला घोट घेऊन ती म्हणाली, "अगं, ही तर आपली आंबीलच की!" केर-सांगरीही जरूर खा. केर म्हणजे तिकडच्या काटेरी झुडपाची छोटी फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो ती शमी. वाळलेली सांगरी बाजारात मिळते, घरी आणली तर रात्रभर भिजवून, उकळून ते पाणी टाका आणि मगच फोडणी द्या. केर कडू असतात, ते ताकात भिजवावे लागतात.