सुटून गेलेला बकरा

आम्ही नववीत असताना वर्गातला पृथ्वीगोल फुटला. तो कोणी फोडला हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. तरीही वर्गशिक्षकांपुढे आम्ही एकमुखाने नाव घेतले ते त्या दिवशी मधल्या सुटीतच घरी गेलेल्या एका मुलाचे. पुढच्या तासाला इंग्रजीच्या सरांनी काही न बोलता फळ्यावर ‘स्केपगोट’ हा शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. मी उत्साहाने ‘बळीचा बकरा’ असे उत्तर दिले. ‘चुकीचा बकरा पकडलास,’ सर म्हणाले.

मग त्यांनी बायबलमधील लेवीय पुस्तकाच्या १६व्या अध्यायातला विधी सांगितला. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणून चिठ्ठ्या टाकल्या जात. परमेश्वराच्या वाट्याला आलेल्या बकऱ्याचा बळी दिला जाई, आणि दुसऱ्याच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवून महायाजक अहरोन इस्राएल लोकांची सारी पापे कबूल करी, ती अक्षरशः त्याच्या माथी मारी आणि मग त्याला जिवंतच रानात पिटाळले जाई. स्केपगोट तो हा दुसरा; शब्दातला ‘स्केप’ म्हणजे ‘एस्केप’चेच आखूड रूप.

हा शब्द विल्यम टिंडेल यांनी १५३० मध्ये हिब्रूवरून केलेल्या इंग्रजी भाषांतरात घडवला, हे मी पुढे महाविद्यालयात वाचले. मूळ हिब्रूत तेथे ‘अजाजेल’ असा शब्द आहे. अनेक अभ्यासक त्याला रानातल्या एखाद्या दुष्ट शक्तीचे नाव मानतात. टिंडेल यांनी मात्र जुन्या ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांप्रमाणे त्याची फोड ‘निघून जाणारा बकरा’ अशी केली. म्हणजे इंग्रजीतला इतका रुळलेला शब्द बहुधा एका गैरसमजातून जन्मला, आणि भाषांतराचे काम करणाऱ्या मला याचे, खरे सांगायचे तर, थोडे समाधानच वाटते. १६११ च्या किंग जेम्स बायबलने तो कायम ठेवला. दुसऱ्यांचा दोष ज्याच्यावर लादला जातो अशी व्यक्ती, हा आजचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात चिकटला.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा वर्गात आला, तेव्हा त्याला यातले काहीच माहीत नव्हते. गोल फोडणाऱ्याने, म्हणजे मी, मधल्या सुटीत वर्गशिक्षकांकडे जाऊन कबुली दिली. आजही भाषांतरात हा शब्द आला की ‘बळीचा बकरा’ लिहिताना माझा हात अडतो, आणि बहुतेक वेळा ‘खापर फोडणे’ वापरून मी वाक्यच फिरवून घेतो.