अक्षता पडल्या की चित्र थांबायचं: साध्या डीव्हीडीवर एचडी, डिस्क क्र. ० ते ७

२१ जानेवारी

यंदाच्या सोलापूरच्या गड्डा यात्रेचं सगळं शूटिंग हार्डडिस्कवर उतरवून झालं. बाळीवेशीतून हिरेहब्बू वाड्यापासून निघालेले नंदीध्वज, ६८ लिंगांचा तैलाभिषेक, सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचा होम आणि १५ तारखेचं शोभेचं दारूकाम. कॅमेरा जुनाच, एव्हीसीएचडीवाला. १९२० × १०८०, ५० इंटरलेस्ड (सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकाआड एक ओळींची), सर्वांत वरचा मोड म्हणजे सेकंदाला कमाल २४ मेगाबिट.

आत्याच्या घरी टीव्हीखाली ब्लू-रे प्लेअर आहे. आतेभावाने हौसेने आणला होता, तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि प्लेअर मागे राहिला. दरवर्षी मी आत्याला यात्रेची डीव्हीडी करून देतो, ती साधी ७२० × ५७६ ची. यंदा म्हटलं, एचडीत शूट करतोय तर एचडीतच देऊ. पिक्सेल मोजले तर बरोबर पाचपट.

कोऱ्या ब्लू-रे डिस्क आणायच्या तर त्या महाग, शिवाय ब्लू-रे रायटरही घ्यावा लागणार. डीव्हीडी रायटर घरात आहे. नव्या पेठेतल्या दुकानदाराने ५० चा डबा काढून दिला आणि वर धूळ पुसायला फडकंही दिलं. "काका, आता कोण घेतंय हे? घेऊन जावा, अजून एक डबा पडलाय."

पेनड्राइव्ह का देत नाही, हा प्रश्न येणारच. गेल्या वर्षी दिला होता. आठ दिवसांत नातवाने तो पुसून त्यात गाडीतली गाणी भरली. डिस्कवर कोणी काही भरू शकत नाही. तिच्यावर वर्ष लिहिता येतं आणि ती कपाटात साड्यांच्या बाजूला राहते.

२३ जानेवारी, डिस्क क्र. ०

नवीन लोकांसाठी थोडक्यात: साध्या डीव्हीडीवर एचडी ठेवायची सोय अधिकृत आहे. सोनी आणि पॅनासोनिकने २००६ मध्ये एव्हीसीएचडी आणलं, त्यातच लाल लेसरच्या डिस्कचा, म्हणजे डीव्हीडीचा, विचार होता. आत एच.२६४ पद्धतीने दाबलेला व्हिडिओ, डॉल्बी डिजिटल आवाज, आणि फोल्डरची रचना ब्लू-रेसारखीच: बीडीएमव्ही नावाचा फोल्डर, त्यात प्लेलिस्ट, क्लिपइन्फ, स्ट्रीम. साध्या डीव्हीडी प्लेअरवर ही डिस्क चालत नाही. ब्लू-रे प्लेअरच लागतो, आणि त्याच्या माहितीपत्रकात एव्हीसीएचडी लिहिलेलं असलं पाहिजे.

मी टीएसमक्सरमध्ये (व्हिडिओ आणि आवाज एकत्र बांधून हे फोल्डर करणारं सॉफ्टवेअर) घाईत 'ब्लू-रे फोल्डर' निवडलं. प्लेअरने डिस्क दोन मिनिटं घरघर फिरवली आणि बाहेर ढकलली. तिथेच खाली 'एव्हीसीएचडी फोल्डर' असा पर्याय आहे, तो निवडायचा. निळ्या लेसरची रचना लाल लेसरच्या डिस्कवर दिसली की काही प्लेअर ती सरळ नाकारतात, हा त्यातलाच.

२४ जानेवारी, डिस्क क्र. १

एव्हीसीएचडी फोल्डर केलं, डिस्क राइट करायच्या इमगबर्नमध्ये फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) यूडीएफ २.५० ठेवली (ही विसरू नका, बऱ्याच डिस्क इथेच मरतात) आणि आधी फक्त २५ मिनिटांचा तुकडा घेतला. परत एन्कोड नाही, म्हणजे व्हिडिओ नव्याने दाबला नाही, कॅमेऱ्यातून आलं तसंच. कॅमेरा लांब शूटिंगचे दोन-दोन जीबीचे तुकडे पाडतो. ते टीएसमक्सरमध्ये 'अ‍ॅड' न करता 'अपेंड' करायचे, म्हणजे सांध्यावर आवाज तुटत नाही.

चाललं! बाळीवेस, पांढऱ्या बाराबंदीतले नंदीध्वजधारी, हलगी, सगळं लख्ख. टीव्हीसमोर बसून मी स्वतःलाच शाबासकी दिली.

मग संमती कट्टा आला. "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" म्हणत अक्षता उधळायला सुरुवात झाली आणि चित्र अडकलं. आवाज गचके खात पुढे गेला, चित्र चौकोन-चौकोन, मग काळा पडदा. सिद्धेश्वरांच्या योगदंडाबरोबर कुंभारकन्येचं लग्न लागतंय आणि ऐन मुहूर्ताला पडदा पडला.

२७ जानेवारी, डिस्क क्र. २

संशय डिस्कवर. जुना माल, धूळ, वगैरे. दुसऱ्या कंपनीची डीव्हीडी मित्राकडून आणली, तीच फाइल ४ एक्स वेगाने राइट केली, व्हेरिफाय केलं, एकही चूक नाही. प्लेअरमध्ये घातली. बरोबर त्याच ठिकाणी, अक्षतांवर, अडकली.

इथे मी दोन दिवस वाया घालवले. लेन्स पुसली. प्लेअर हलवून पाहिला. आत्या म्हणाली, "अरे, त्याला दृष्ट लागली असेल." डिस्क कॉम्प्युटरवर छान चालते म्हणून फाइल चांगली आहे हे मी गृहीत धरलं होतं. पण कॉम्प्युटरचा ड्राइव्ह डीव्हीडी कितीतरी एक्सने वाचतो. प्लेअर तसं करत नाही.

३० जानेवारी

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन त्याच प्लेअरच्या यूएसबीत लावली. अक्षता पडल्या, चित्र जरासुद्धा अडकलं नाही. म्हणजे प्लेअरला ती फाइल उलगडता येते. अडचण फक्त डिस्कवरून डेटा येण्याच्या वेगाची आहे.

आता आकडे बघा. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला साधारण ११ मेगाबिट. डीव्हीडीवरच्या एव्हीसीएचडीला कमाल १८ मेगाबिटची मर्यादा आहे. माझा कॅमेरा २४ च्या मोडमध्ये. शांत दृश्यात कॅमेरा कमी बिट खातो, म्हणून बाळीवेस सुरळीत गेली. पण अक्षता! हवेत हजारो दाणे, प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक दाणा नव्या जागी. आधीच्या फ्रेमवरून पुढची ओळखायची ही एच.२६४ ची सगळी युक्ती तिथे निकामी होते. बिटरेट व्ह्यूअरमध्ये (दर सेकंदाला किती बिट लागतात ते दाखवणारं सॉफ्टवेअर) आलेख पाहिला तर त्या ठिकाणी सुळका उभा होता.

एकाच जागी अडकत असेल तर डिस्कला शिव्या देण्याआधी आलेख पाहा. खराब डिस्क बहुधा कडेला दगा देते, कारण डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. मधेच, त्याच दृश्यावर, दोन वेगळ्या डिस्कांवर अडकते म्हणजे दोष फाइलमध्ये आहे.

२ फेब्रुवारी, डिस्क क्र. ३

राइट होत असताना वीज गेली. ८१ टक्क्यांवर. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

५ फेब्रुवारी, डिस्क क्र. ४

परत एन्कोड करायचं ठरवलं, पूर्ण ५८ मिनिटांचं. हिशोब असा: डीव्हीडी-आरमध्ये ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात. ५८ मिनिटं म्हणजे ३४८० सेकंद. आठाने गुणून भागलं की सेकंदाला सुमारे १०.८ मेगाबिट. त्यातून ट्रान्सपोर्ट स्ट्रीमच्या वेष्टनाचे (व्हिडिओ आणि आवाज ज्यात बांधले जातात ते) पाच-सहा टक्के, आवाजाचे पाव मेगाबिट, आणि कडेला थोडी जागा रिकामी राहावी म्हणून थोडं वजा केलं. व्हिडिओला ९.५ उरले. एक्स२६४ या एन्कोडरला दोन पासमध्ये (आधी सगळं पाहून घ्यायचं, मग दाबायचं) सरासरी ९५०० किलोबिट दिली. रात्री जेवून लावलं, दूधवाला आला तेव्हा संपलं.

आता सरासरी १८ च्या निम्मी, मग अडचण कसली? अडचण अशी की अक्षतांवर अडकलीच, शिवाय आता दारूकामावरही अडकली. सरासरी म्हणजे सरासरी, सुळक्यावर तिचा काही ताबा नाही. दोन पासचा एन्कोडर तर हुशारीने सोप्या दृश्यांतून बिट वाचवून अवघड दृश्यांवर ओततो. आणि दारूकाम म्हणजे अवघडातलं अवघड: ठिणग्या, धूर, काळं आभाळ, मधेच लख्ख उजेड. सुळका आधीपेक्षा उंच झाला होता!

८ फेब्रुवारी, डिस्क क्र. ५

म्हणून व्हीबीव्ही, म्हणजे सुळक्यालाच लगाम. एक्स२६४ मध्ये मॅक्सरेट (कमाल वेग) १५०००, बफसाइज (साठवणीची जागा) १५०००. अठराची परवानगी असताना पंधराच का? वेष्टन आणि आवाज धरून अठराच्या आत आरामात राहायला. बाकी सेटिंग: ब्लू-रे कम्पॅट चालू, हाय प्रोफाइल, लेव्हल ४.०, कीइंट २५ म्हणजे सेकंदाला किमान एक कीफ्रेम (आधीच्या फ्रेमवर न विसंबणारं पूर्ण चित्र). एक्स२६४ मध्ये ब्लू-रेला चालेल असा स्ट्रीम करायची सोय २०१० पासून आहे, त्यामुळे यासाठी पैसे मोजून सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. आवाजाला हात लावला नाही. कॅमेरा मुळातच डॉल्बी डिजिटल देतो, तो जसाच्या तसा.

अक्षता पार! दारूकाम पार! पण नंदीध्वज थरथरत होता. पुढे जाताना दर क्षणी कणभर मागे येत होता. हा गाढवपणा माझाच. मिनी-डीव्ही कॅसेटच्या काळातली जुनी सेटिंग फाइल वापरली होती. इंटरलेस्डमधलं अर्धं चित्र म्हणजे फील्ड. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, एचडीत वरचं. फील्डचा क्रम उलटा झाला की हलणारी प्रत्येक गोष्ट टीव्हीवर थरथरते. कॉम्प्युटरवर लक्षातही आलं नाही, कारण तिथे प्लेअर दोन्ही फील्ड मिसळून दाखवत होता.

१२ फेब्रुवारी

एव्हाना वाया गेलेल्या डिस्कांची माळ झाली होती. मित्राचं मंगळवेढ्याकडे शेत आहे, ज्वारी हुरड्यावर आलेली. त्याने सगळ्या डिस्क दोरीला बांधून रानात टांगल्या. चमकतात, गरगरतात, पाखरं फिरकत नाहीत म्हणे. मी हुरडा खाऊन आलो. सोबत शेंगाचटणी होती, गूळही. छंदाचा पहिला ठोस फायदा.

१५ फेब्रुवारी, डिस्क क्र. ६

क्रम वरचं फील्ड आधी असा केला. पुन्हा रात्रभर.

यावेळी आणखी एक बदल केला आणि माझ्या मते तो व्हीबीव्हीच्या खालोखाल महत्त्वाचा. रात्रीची मिरवणूक कॅमेऱ्याने गेन (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवून घेतलेली आहे, त्यामुळे अंधारात वळवळणारा नॉइज भरपूर. डोळ्याला तो फारसा जाणवत नाही, पण एन्कोडरला जाणवतो आणि अंधाराचे दाणे रंगवण्यात तो बिट उधळतो. म्हणून फक्त रात्रीच्या भागाला एफएफएमपेगचा एचक्यूडीएन३डी हा नॉइज कमी करणारा फिल्टर अगदी हलका दिला. जोरात दिला तर बाराबंदीच्या सुरकुत्या जातात आणि माणसं मेणाची दिसतात. एकदा तसं करून पाहिलं, लगेच काढलं.

अक्षतांच्या वेळी पंधराच्या मर्यादेमुळे चित्र किंचित मऊ होतं, हे मान्य. पॉज करून शोधलं तर चौकोन दिसतात. दाणे खाली पडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कोणाला दिसत नाहीत.

मेनू केला नाही. आत्याला मेनू म्हणजे टीव्ही बिघडल्यासारखं वाटतं. टीएसमक्सरमध्ये चॅप्टर टाकले: बाळीवेस, संमती कट्टा, होम, दारूकाम. डिस्क घातली की चित्र सुरू, पुढच्या बटणाने पुढचा दिवस. राइट ८ एक्सने. १६ एक्सच्या डिस्कवर माझ्या रायटरचं काम आठावर सगळ्यांत स्वच्छ येतं, चारावर उगाच वेळ जातो.

१७ फेब्रुवारी, डिस्क क्र. ७

भाच्याने मोबाइलवर घेतलेलं शूटिंग याच डिस्कमध्ये घालायचा त्याचा आग्रह होता. घातलं नाही. मोबाइलचे फ्रेम दर ३० च्या आसपास, तेही स्थिर नाहीत, कधी २९, कधी ३०. तसंच आवाजाबरोबर बांधलं (मक्स केलं) की दहा मिनिटांत हलगी आणि हात वेगळे चालतात. आधी स्थिर २९.९७ केलं, मग फेक इंटरलेस्ड, म्हणजे पूर्ण फ्रेमवर नुसता इंटरलेस्डचा शिक्का. आवाज एएसी होता, तो ब्लू-रेच्या नियमात नाही म्हणून एसी-३ (डॉल्बी डिजिटल) केला. ३० चं २५ करून मुख्य फिल्ममध्ये मिसळता आलं असतं, पण मग कॅमेरा आडवा फिरवलेलं प्रत्येक दृश्य (पॅन) अडखळतं. भाच्याला त्याची वेगळी डिस्क दिली. मंडपातले दिवे त्यात मिणमिणताना दिसतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि त्याचा शटर ऑटोवर. पुढच्या वर्षी शटर १/१०० ठेव म्हणून सांगितलंय.

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी क्र. ६ घेऊन आत्याकडे. शेजारच्या दोघी-तिघी आल्या होत्या. बाळीवेस नीट गेली. तैलाभिषेक गेला. संमती कट्टा आला, मी खुर्चीच्या कडेला. दिड्डम दिड्डम झालं, पहिली मूठ उधळली, दुसरी उधळली, आणि चित्र गपकन थांबलं.

माझ्या पोटात गोळा आला. उठून प्लेअरकडे निघालो.

"बस रे," आत्या म्हणाली. रिमोट तिच्या हातात होता. "मीच थांबवलंय. ती कडेची हिरवी साडी माझी आहे का, बघू दे."