व्हिया चाचणीनंतरचे तीन महिने

तासगाव तालुक्यात द्राक्षांची फळछाटणी चालू असताना आमच्या आशाताई दोनदा रिकाम्या हाताने परतल्या आणि तिसऱ्या खेपेला मला उपकेंद्रात घेऊनच गेल्या. वय 43, अंगावर जाणे नाही की दुखणे नाही, मग गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी कशाला, असे माझे म्हणणे होते. सिस्टरांनी गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावला, मिनिटभर थांबल्या आणि उजेडात पाहिले. पेशी बदललेल्या असल्या तर तिथे पांढरा डाग उमटतो; हीच व्हिया चाचणी. माझ्या बाबतीत तो उमटला.

पुढे कुठे जायचे, याची चिठ्ठी मात्र मला कोणी दिलीच नाही. नोंदवहीत माझ्या नावापुढे ‘पुढे पाठवावे’ असा शेरा होता, पण कुठे आणि कधी हे रकाने कोरेच होते, आणि जानेवारीत आशाताईंनी जुनी पाने चाळली नसती तर ते तसेच राहिले असते. घरात जाऊबाई म्हणाल्या, “पिशवीच काढून टाका, कायमची कटकट मिटेल.” आमच्याकडे हा सल्ला फार सहज दिला जातो, आणि मलाही क्षणभर तो पटला होता.

सांगलीला कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाची भिंगातून तपासणी झाली, छोटा तुकडा तपासणीला गेला. अहवालात कर्करोग नव्हता, त्याच्या आधीच्या पायरीवरचे बदल होते. तापवलेल्या उपकरणाने तेवढाच भाग मिनिटभरात जाळला आणि मी संध्याकाळच्या एसटीने घरी आले.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट मी प्रत्येकीला सांगते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे 1,31,000 महिलांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचपीव्ही चाचणीच्या, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू शोधणाऱ्या चाचणीच्या, एकाच फेरीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हियाने तसा ठोस फरक दिसला नाही. शिवाय एचपीव्हीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते, त्यामुळे लाजेपोटी मागे राहणाऱ्याही पुढे येतील. ही चाचणी गावापर्यंत यायलाच हवी. पण चाचणी कोणतीही असो, दोष आढळलेली बाई उपचारापर्यंत पोहोचली नाही तर त्या तपासणीने तिचे काहीच वाचत नाही.

म्हणून आता आशाताईंच्या वहीत मी आखून दिलेला आणखी एक रकाना आहे : ‘उपचार झाल्याची तारीख’. चार नावांपुढे तो अजून रिकामा आहे. त्यांतल्या दोघींना घेऊन आम्ही सोमवारी सांगलीला जाणार आहोत.