आधी घरच्यांचं मनोगत

१६ डिसेंबर जवळ आला की आमच्या माजी सैनिक मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला निरोप पडतो तो झेंड्याच्या दोरीचा. दोरी नवी घ्या, कप्पीला तेल द्या. मग मंडप, मग पाहुणे, मग पत्रिकेतल्या नावांचा क्रम आणि त्या क्रमावरून थोडी रुसवाफुगवी. विजय दिवसाचा हा कार्यक्रम हायस्कूलच्या मैदानावर होतो. मी त्याच शाळेत शिकवत होते, तेव्हापासून निवेदन माझ्याकडे आहे. नोकरीतून निवृत्त झाले, निवेदन सुटलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या भागात आळीत दोन घरं सोडली की तिसऱ्या घराच्या भिंतीवर वर्दीतला फोटो असतोच. आमच्याही घरी आहे. वडील लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात होते.

ध्वजारोहण, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मंडळाचा अहवाल हे सगळं रीतसर होतं. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला मुलांनी डबे फिरवून जमवलेला निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या प्रतिनिधींकडे दिला जातो. १९४९ पासून देशभर चालत आलेली ही प्रथा आमच्या शाळेने कधी मोडली नाही, याचा मला अभिमान आहे. कराडच्या विजय दिवस समारोहासारखी हवाई प्रात्यक्षिकं आमच्याकडे नसतात. आमच्याकडे माणसं असतात आणि ती बोलतात. मी त्यासाठीच दरवर्षी उभी राहते.

निवेदनात मी १९७१ चा इतिहास थोडक्यात सांगते. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि तेरा दिवसांनी ढाक्यात पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी आपल्या जनरल अरोरांपुढे शरणागतीवर सही केली, ९३ हजार युद्धकैदी झाले, हे मुलांना पाठ असतं. म्हणून मी त्याला लागून आणखी दोन गोष्टी सांगते. ज्या दिवशी ढाक्यात सही झाली, त्याच दिवशी पश्चिम आघाडीवर बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल रणगाड्यात धारातीर्थी पडले. वय २१. आणि त्याच्या आठवडाभर आधी, ९ डिसेंबरला, दीवजवळच्या समुद्रात आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. विजयाचे नगारे वाजले तेव्हा या घरांमध्ये काय चाललं असेल, एवढंच मी विचारते आणि खाली बसते. मैदानावरची मुलं त्यानंतर जरा वेळ चुळबुळ करत नाहीत.

मग माजी सैनिकांची मनोगतं. आमच्याकडे एक हवालदार आप्पा आहेत, ‘जंगी पलटण’ म्हणजे पहिल्या मराठा बटालियनचे. छातीवर ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही १९७१ ची पदकं. माइकसमोर आले की आधी सगळीकडे बघून ‘राम राम’ घालतात आणि बोलताना त्यांचा डावा हात पँटच्या शिवणीवरून हलत नाही. १९७१ ला पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कमालपूर-जमालपूरच्या वाटेने उतरली, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागे रस्ता अडवून बसली, रात्री समोरचे लोक वेढा फोडून निघायला बघत होते, ते सगळं आप्पा दरवर्षी सांगतात. पण स्वतःचं काही सांगत नाहीत. सांगतात ते शेजारच्या तालुक्यातल्या एका पोराचं, जो त्या रात्री त्यांच्या शेजारच्या खंदकात होता. ‘त्येला सकाळी च्या द्यायचा राहिला,’ असं म्हणतात आणि लगेच टांगाईलवर येतात. तिथे ११ डिसेंबरला २ पॅरा या छत्रीधारी पलटणीचे जवान आभाळातून उतरले आणि खालून ही पलटण चालत गेली. २ पॅरा ही मूळची मराठ्यांचीच पलटण, त्यामुळे पुंगलीच्या पुलाशी दोन्ही पलटणी भेटल्या तेव्हा ‘बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ दोन्ही बाजूंनी झालं, असं आप्पा सांगतात. हे वाक्य आलं की मैदानही जय म्हणतं. माझं लक्ष मात्र त्या चहाच्या वाक्यावर अडकलेलं असतं. आप्पांनी ते आजवर कधी गाळलं नाही आणि कधी त्यात एक शब्द वाढवलाही नाही.

तरीही खरा कार्यक्रम त्यानंतरचा, कुटुंबांचा.

शहिदाची पदकं वारसाने उजव्या बाजूला लावायची असतात. हयात सैनिक डावीकडे लावतो, घरचं माणूस उजवीकडे. आमच्याकडे हे काम एन.सी.सी.च्या मुली करतात. एका वर्षी एका वहिनींच्या पदराची घडी जाड झाली होती, पिन जाईना. त्यांचे हात थरथरत होते. कॅडेट मुलगी खाली गुडघ्यावर बसली, टोचू नये म्हणून पदराखाली स्वतःचा तळहात धरला आणि पिन लावली. लावून झाल्यावर उभी राहून तिने वहिनींना कडक सॅल्यूट ठोकला. तिला तो कुणी शिकवला नव्हता, कार्यक्रमपत्रिकेतही नव्हता. तेव्हापासून प्रत्येक कॅडेट तो करते.

त्याच वहिनी त्या दिवशी बोलल्या. मालक १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलला गेले तेव्हा त्यांच्या पदरात दोन मुलं होती. कारगिलमध्ये देशाचे ५२७ जवान गेले, हा आकडा दर २६ जुलैला आपण ऐकतो. वहिनींनी आकडा सांगितला नाही, शौर्याबद्दलही बोलल्या नाहीत. त्या कागदांबद्दल बोलल्या. सासरचं नाव रेकॉर्डला एक, आधार कार्डावर दुसरं, पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीतल्या कुटुंबाच्या नोंदीत, मुलीची जन्मतारीख चुकलेली, आणि एका कार्यालयात त्यांना टेबलामागून टेबल फिरवलेलं. ‘मला वाईट वाटायला सवडच मिळाली नाही,’ असं म्हणाल्या. आता कार्यक्रम संपला की त्या आंब्याच्या झाडाखाली टेबल टाकून बसतात. ज्यांच्या घरात कुणी नोकरीवर आहे, त्या प्रत्येक सुनेला विचारतात, लग्नाची नोंद पलटणीत झाली का, बाळाचं नाव चढलं का? मला हे भाषणापेक्षा मोठं वाटतं.

आणि एक वीरमाता. त्यांना बोलायचं नव्हतंच, सुनेने हाताला धरून आणलं. त्यांच्या आधी पाहुणे बोलले होते, ‘या माउलीने आपला पुत्र देशाला अर्पण केला,’ असं. मावशींनी माइक नको म्हणून बाजूला सारला आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘म्या न्हाय दिला. त्यो त्येच्या मनानं गेला. म्या फकस्त आडवी आली न्हाय.’ एवढंच. टाळ्या वाजल्या नाहीत, वाजायला नकोच होत्या. त्या दिवसापासून माझ्या निवेदनात अर्पण हा शब्द नाही, आणि वक्त्यांना मी आधी सांगून ठेवते की तो वापरू नका. काहींना राग येतो. येऊ दे.

मावशी आणि वहिनी बोलल्या तेव्हा समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि माझी तक्रार हीच आहे. प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं, त्यांच्या गाडीचा दरवाजा वाजला, की अर्धं मैदान उठायचं. ज्यांचा सत्कार त्यांनी बोलायचं, आणि ऐकायला कोण? मंडपवाले, शिपाई मामा आणि आम्ही. दहीहंडीला याच मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. ज्यांचे वडील, चुलते फौजेतून निवृत्त झाले आणि जे आता पुण्या-मुंबईला स्थिरावलेत, ते सकाळी मोबाइलवर तिरंगा लावतात, पण काही तासांच्या अंतरावर वर्षातून एक दिवस येत नाहीत. पुढच्या रांगेत कुटुंबांसाठी ठेवलेल्या जागांवर पदाधिकारी बसलेले मी पाहिलेत. मी हे मंडळाच्या सभेत बोलले, नाराजी ओढवून घेतली, आणि अखेर दोन गोष्टी ठरल्या. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर कुटुंबांच्या नावाचे कागद लावायचे. आणि घरच्यांचं मनोगत आधी, पाहुण्यांचं भाषण नंतर. एका पाहुण्यांना थांबायला वेळ नव्हता, ते हार घालून गेले. मनोगतं झाली आणि मैदान भरलेलं होतं.

आमच्याच जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे ते विद्यार्थी, आणि ती १९६१ मध्ये सुरू झालेली देशातली पहिली सैनिक स्कूल. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लष्करात लेफ्टनंट झाल्या. त्या डिसेंबरच्या कार्यक्रमात नववीतल्या एका मुलीने त्यांच्यावर भाषण केलं. पाठ केलेलं होतं, मधेच अडखळली, आणि मग कागद बाजूला ठेवून म्हणाली, ‘मला पण जायचंय.’ तिची आई मागे बायकांत उभी होती. आईने नवऱ्याची पूर्ण नोकरी एकटीने गावात काढलेली, नांगरटीपासून सासऱ्यांच्या दवाखान्यापर्यंत. अशा बायकांना शाल मिळत नाही, कारण त्यांचा माणूस सुखरूप परत आला. मी सभेत हेही मांडलं. आता दरवर्षी एका हयात सैनिकाच्या पत्नीचा सत्कार असतो. माझ्या आईला तो मिळाला नाही, तेव्हा सुरू झाला नव्हता. ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ असा लष्करी टपालाचा पत्ता घातलेली निळी आंतरदेशीय पत्रं ती दिव्याखाली बसून लिहायची आणि घरात कुणी आजारी असलं तरी ‘सर्व ठीक’ असंच लिहायची. वडिलांना आम्ही कितीतरी नंतर सगळं सांगितलं.

२०२० मध्ये मैदान बंद होतं. मंडळाचे मोजके लोक मास्क लावून घरोघर गेले, उंबऱ्याबाहेर उभं राहून शाल दिली. सुभेदार मेजर साहेबांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, प्रत्येक उंबऱ्यावर टोपी घालून, सावधान होऊन सॅल्यूट केला, मग आत घरात कितीही लहान पोर असो. साहेब घड्याळाचे फार कडक. साडेआठ म्हणजे साडेआठ, मंत्री असोत की कोणी. त्यांच्यामुळे मंडळ टिकलं, हे मी त्यांच्या समोर कधी म्हटलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आता मदत करणाऱ्यांविषयी. नावं छापू नयेत असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, तेव्हा कामं तरी लिहिते. मंडपवाले भाडं घेत नाहीत, फक्त वाहतुकीचे पैसे घेतात. साउंडवाला मुलगा पहाटे पाचला येतो, आणि ‘लास्ट पोस्ट’ ही शहिदांसाठीची बिगुलाची धून वाजताना खरखर होऊ नये म्हणून सगळे माइक एकेक करून बंद करतो. बिगुल वाजवणारे निवृत्त पोलिस बँडवाले. शिपाई मामा, ज्यांनी ध्वजस्तंभाच्या कट्ट्याला स्वतः चुना लावला. बचत गटाच्या बायका, चहा-नाश्ता त्यांचा. वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांना आणणारे टेम्पोवाले. आरोग्य केंद्राच्या सिस्टर, ज्या रक्तदाबाचं मशीन घेऊन पहिल्या रांगेजवळ बसतात आणि एकदा त्याची खरंच गरज पडली. रांगोळीच्या मुली. ग्रामपंचायतीचे सफाई कर्मचारी, जे आदल्या रात्री दहापर्यंत मैदानावर होते. फोटोवाले, जे प्रत्येक कुटुंबाला फोटो मढवून देतात. छापखानेवाले, ज्यांनी हुद्दा चुकला म्हणून सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या आणि दुसऱ्या वेळचे पैसे नाकारले. बँकेतून निवृत्त झालेले खजिनदार. जनरेटरवाले, ते दिसत नाहीत म्हणून राहून जातात. आणि चपलांकडे लक्ष ठेवणारा सातवीतला मुलगा.

पोस्टमनकाकांचं मात्र सविस्तर लिहायला हवं. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली होती, तेव्हा आमच्या गावात एक तार आली आणि ती त्यांनीच पोचवली. तार इंग्रजीत होती. घरात वाचणारं कुणी नव्हतं, वाचून त्यांनाच दाखवावी लागली. आता निवृत्त होऊनही कुटुंबांची निमंत्रणं ते सायकलवरून स्वतः देतात. पोस्टाने पाठवू देत नाहीत, मोबाइलवर तर नाहीच. त्या एका घरी निमंत्रण द्यायला आधी जातात, तिथला चहा घेतात, मग बाकीची घरं.

त्याच घरातली नात मागे दिल्लीला राष्ट्रीय युद्धस्मारक बघून आली. २०१९ मध्ये ते खुलं झालं. त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर हजारो नावं आहेत, त्यांत आजोबांचं नाव शोधून तिने फोटो काढला आणि गेल्या कार्यक्रमात मोठा करून आणला. आजीने फोटोवरच्या नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘ह्ये सोनेरीच हाय का तिथं?’ नात हो म्हणाली.

यंदाही १६ डिसेंबर, सकाळी साडेआठ, हायस्कूलचं मैदान. ज्या कुटुंबांनी गाव किंवा घर बदललं असेल त्यांनी नवा पत्ता पोस्टमनकाकांकडे द्यावा. कागदांचं काम असेल त्यांनी सेवापुस्तकाच्या आणि आधारच्या प्रती बरोबर आणाव्यात, वहिनींचं टेबल दुपारी दोनपर्यंत असेल. यंदा बोलायला तीन घरं तयार आहेत, चौथ्या घरातल्या काकूंचं अजून ठरत नाही. त्यांच्याकडे मी रविवारी जाणार आहे.